दाबोळीचा सडा

गोव्याला विमानतळ मिळाला तो भारताने कोंडी केली म्हणून. सुट्टीसाठी निघालेल्या माणसाला हे सांगितलं तर त्याला थट्टाच वाटेल, पण दाबोळीची गोष्ट सुरू होते ती तिथूनच.

पन्नासच्या दशकाआधी पोर्तुगीज राज्यकर्त्यांना गोव्यात मोठ्या विमानतळाची निकड कधी भासली नव्हती. मुरगावसारखं बंदर हाताशी होतं. बंदरातून निघालेली आगगाडी कुळ्यावरून घाट चढून कॅसलरॉकला पोचायची आणि हिंदुस्थानच्या रुळांना मिळायची. मुंबईच्या बोटी होत्या. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे सामायिक वसतिगृहांत, गावागावांतले गोंयकार राहत आणि दर्यावर्दी, आचारी, वाजंत्री, कारकून म्हणून जगभर जात. गोव्याचं पोट आणि खिसा, दोन्ही ब्रिटिश हिंदुस्थानाशी बांधलेले होते. लिस्बन फार दूर होतं, आणि त्या अंतराची कोणाला फारशी अडचणही नव्हती.

स्वतंत्र भारताशी वाद वाढला तशी ही बांधणी सुटत गेली. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधला आपला दूतावास बंद केला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली. १९५५ च्या मे महिन्यात सेनापती बापट आणि ना. ग. गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला सीमेवर झालेल्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. मग उरलेसुरले संबंधही तुटले. पणजीतली भारतीय वकिलात बंद झाली, रेल्वे थांबली, माल थांबला, मनिऑर्डरीही थांबल्या. बेळगावच्या भाजीवर आणि घाटावरच्या धान्यावर जगणाऱ्या गोव्याची त्यामुळे उपासमार होईल आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार वाटाघाटींना बसेल, असा दिल्लीचा हिशोब होता.

तो चुकला. गोव्याच्या डोंगरांत लोहखनिज होतं आणि जपान-जर्मनीला ते हवं होतं. खनिजाच्या पैशावर गोव्यात हॉलंडचे बटाटे आले, सिलोनचा चहा आला, जपानचं सिमेंट आलं. त्या काळी कळत्या वयात असलेली गोव्यातली माणसं नाकेबंदीच्या आठवणी काढताना तक्रारीबरोबर परदेशी चीज आणि स्वस्त दारू यांचीही आठवण काढतात. माल समुद्रातून येऊ शकत होता. माणसं, टपाल आणि औषधं मात्र बोटीने आणायची तर आठवडे लागत. दमण आणि दीव तर भारताच्या कुशीत अडकलेली दोन बेटंच होऊन बसली होती. म्हणून पोर्तुगिजांनी गोवा, दमण आणि दीव या तिन्ही ठिकाणी धावपट्ट्या बांधल्या.

गोव्यातली जागा निवडताना मात्र त्यांनी डोळसपणा दाखवला. मुरगावच्या द्वीपकल्पावर, वास्कोच्या मागच्या बाजूला, जांभ्या दगडाचा सपाट सडा आहे. पाऊस संपला की तिथलं गवत करपतं. शेती म्हणावी अशी होत नाही. समुद्रसपाटीपासून पन्नास-साठ मीटर उंची, खाली मुरगाव बंदर, पश्चिमेला उघडा समुद्र. वैमानिकाला यापेक्षा जास्त काही मागता येत नाही. २४९ एकर जमीन घेऊन तिथे विमानतळ उभा राहिला आणि १९५५ मध्ये सुरू झाला. तत्कालीन गव्हर्नर जनरल पाउलो बेनार्द गेदिश यांचं नाव पुढे त्याला देण्यात आलं. लोक दाबोळीच म्हणत राहिले.

त्याच वर्षी ‘ट्रान्सपोर्तिश आएरिउश दा इंदिया पुर्तुगेझा’ ही सरकारी विमान कंपनी जन्माला आली. आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं ‘ताइप’. छोट्या हेरॉन आणि व्हायकिंग विमानांनी सुरुवात झाली, पुढे डीसी-४ आणि डीसी-६ आली. भारताच्या हद्दीवरून उडायची सोय नव्हती, तेव्हा दमण-दीवची विमानंही समुद्रावरून वळसा घालून जात. खरा आधार होता कराचीचा. कराचीत गोंयकारांची मोठी वस्ती होती, तिथून पुढे आखाताची आणि युरोपची वाट खुली होती, आणि भारताला अडचणीचं असेल ते करायला पाकिस्तानची ना नव्हती. कराचीमार्गे दाबोळी लिस्बनला जोडलं गेलं. वास्को आणि आसपासच्या गावांतल्या तरुण मुलामुलींना या कंपनीत नोकऱ्या मिळाल्या. मुंबईला जाऊन बोटीवर चढण्याखेरीज दुसरा रस्ता ठाऊक नसलेल्या गावांसाठी ही नवलाईच होती.

ताइप सहा वर्षं चालली. गोव्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला चार ओळी मिळतात. मुक्तिलढ्याच्या इतिहासात ती शत्रूची सोय म्हणून येते आणि पोर्तुगीज आठवणींत हरवलेल्या साम्राज्याचं एक गोंडस प्रकरण म्हणून. ती नाकेबंदीचं अपत्य होती हे दोन्हीकडे फारसं कोणी बोलत नाही. भारताने कोंडी केली नसती तर पोर्तुगालने गोव्यात एवढा पैसा ओतून विमानतळ बांधला असता, असं मला वाटत नाही. म्हणजे आपल्या नौदलाला पुढे जी धावपट्टी आयती मिळाली ती एका अर्थी आपल्याच धोरणाने बांधून घेतलेली होती.

आता डिसेंबर १९६१. गोवा ताब्यात घेण्यासाठी भारतीय लष्कराची १७ वी इन्फन्ट्री डिव्हिजन आणि ५० वी पॅराशूट ब्रिगेड बेळगाव-सावंतवाडीच्या पट्ट्यात जमली होती. हवाई कारवाईची सूत्रं एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्याकडे होती. गोंयकार वंशाच्या अधिकाऱ्याने गोव्यावरच्या हवाई हल्ल्याची आखणी करावी, हा योगायोग तेव्हा कोणाला नाट्यमय वाटला की नाही ठाऊक नाही; पुढे १९६३ मध्ये पूंछजवळच्या हेलिकॉप्टर अपघातात पिंटो गेले. बॉम्बफेकी कॅनबेरा विमानं पुण्याच्या लोहगावला आणि हंटर बेळगावजवळच्या सांबऱ्याला सज्ज होती.

समोर काय होतं? गोव्यात पोर्तुगालचं एकही लढाऊ विमान नव्हतं. सैनिक तीन-चार हजार. लिस्बनहून सालाझारचा आदेश होता की शरणागती नाही, आणि माघार घेताना महत्त्वाच्या इमारती उडवून द्या. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा पेशाने लष्करी अभियंता होता. गोव्यात त्याने रस्ते, पूल बांधले होते. बांधणाऱ्याचा हात पाडायला उठला नाही. आदेशाचा बराचसा भाग त्याने कानाआड केला. याची किंमत त्याला नंतर मोजावी लागली. सालाझारने त्याला सैन्यातून काढलं आणि पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याला मान परत मिळाला. १९८० मध्ये तो गोव्याला येऊनही गेला.

त्या दिवसांतली एक गोष्ट पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या आठवणींतून सांगितली जाते. गोव्याच्या फौजेने रणगाडाविरोधी दारूगोळा मागितला होता. १७ डिसेंबरला दाबोळीला विमान उतरलं. त्यातून दारूगोळा आला नाही, चोरिसांच्या, म्हणजे सॉसेजच्या, पिशव्या आल्या. खरं-खोटं तपासायला कागद नाही, पण लिस्बनपासून इतक्या दूरच्या शिबंदीची मनःस्थिती या गोष्टीत नेमकी उतरली आहे. हवेतून कुमक आणायची तर अधेमध्ये उतरायला परवानगी द्यायला देश तयार नव्हते. जो विमानतळ कोंडी फोडायला बांधला तो खऱ्या लढाईच्या वेळी कामाला आला नाही.

१८ डिसेंबरच्या सकाळी लोहगावहून उडालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. म्हणजे साडेअठ्ठावीस टन. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ कॅनबेरांची दुसरी फेरी झाली. हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडलं आणि गोव्याचा बाहेरच्या जगाशी बोलण्याचा मार्ग संपला. धावपट्टी मोडायची, पण प्रवासी इमारत आणि इतर सोयी शाबूत ठेवायच्या, अशी वैमानिकांना ताकीद होती. आपला होऊ घातलेला विमानतळ फार मोडू नये, हा त्यातला साधा विचार. त्यानुसार इमारत वाचली, आणि तिच्यासमोर उभी असलेली दोन प्रवासी विमानंही वाचली. एक ताप या पोर्तुगीज कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन आणि दुसरं ताइपचं डग्लस.

हवाई हल्ल्याचे अहवाल सहसा इथे संपतात, पण दाबोळीचा त्या रात्रीचा प्रसंग मला हल्ल्यापेक्षा जास्त विलक्षण वाटतो. दिवसभर खड्डे बुजवायचं काम चाललं. धावपट्टीचा जेवढा तुकडा वापरता येईल तेवढा साफ केला गेला. अंधार पडल्यावर अधिकाऱ्यांची बायकामुलं दोन्ही विमानांत बसवली आणि अर्धवट धावपट्टीवरून ती उडवली. समुद्रालगत अगदी खालून जात ती भारतीय नौका आणि विमानं यांची नजर चुकवून कराचीला पोचली. बाहेर किनाऱ्यापासून पाऊणशे मैलांवर आपलं नवंकोरं विमानवाहू जहाज विक्रांत पहाऱ्याला होतं. ज्या धावपट्टीवर आपली विमानं पुढची अनेक दशकं नांदणार आहेत ती वायुदल फोडत असल्याची बातमी त्या जहाजावर नुसती बातमी म्हणून पोचली असेल.

दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, ६३ वी ब्रिगेड मडगाव, वेर्णा करत वास्कोला भिडली. रात्री साडेआठच्या सुमाराला वासालो इ सिल्वाने ब्रिगेडियर के. एस. धिल्लाँ यांच्यापुढे शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची सत्ता छत्तीस-चाळीस तासांत संपली.

मग दाबोळी बेवारस झालं. मालक गेला, विमान कंपनी संपली, धावपट्टीवर बॉम्बचे खड्डे. नोकरीतले काही पोर्तुगालला गेले, काही कराचीला राहिले, बाकीच्यांनी दुसरं काम शोधलं. तिथून उडून कुठे जायचं हाच प्रश्न होता, कारण आता रस्ता, रेल्वे, बोट सगळं पुन्हा खुलं होत होतं.

हे रिकामं ताट कोणाच्या पुढे जावं? नागरी विमान खात्याच्या? वायुदलाच्या, ज्याने ते फोडलं? ते गेलं नौदलाकडे. एप्रिल १९६२ मध्ये गोव्याचे लष्करी गव्हर्नर मेजर जनरल के. पी. कँडेथ यांनी दाबोळीचा ताबा नौदलाला दिला. गोवा मुक्त करणाऱ्या फौजेचे प्रमुख तेच होते आणि मुक्तीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत गोव्याचं सरकारही तेच होते. गोव्यात पहिली निवडणूक झाली डिसेंबर १९६३ मध्ये आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. तोवर दाबोळीचा निकाल लागून दीड वर्ष उलटलं होतं. गोव्याच्या एकमेव विमानतळाचं काय करावं हे गोव्यातल्या कोणालाही विचारलं गेलं नाही, कारण विचारावं असं कोणी निवडून आलेलंच नव्हतं. पुढच्या साठ वर्षांतल्या बहुतेक भांडणांचं मूळ मला इथे दिसतं.

पण नौदलाची गरजही खरी होती आणि ती समजून घेतल्याशिवाय नुसतं बोट दाखवण्यात अर्थ नाही. ३ नोव्हेंबर १९६१ ला विक्रांत मुंबईत दाखल झालं तेव्हा नौदलाकडे सी हॉक जेट आणि अलिझे ही पाणबुडीविरोधी विमानं आली, पण जमिनीवर त्यांना स्वतःचं घर नव्हतं. विमानवाहू जहाज बंदरात शिरलं की त्यावरची विमानं आधीच उडून किनाऱ्यावरच्या तळावर जातात, कारण उभ्या जहाजावरून ती उडवता येत नाहीत. जहाज दुरुस्तीला गेलं तर महिनोन्महिने त्यांना जमिनीवर राहावं लागतं. वैमानिकांचा सरावही थांबवून चालत नाही. विक्रांत सगळं मिळून साधारण सातशे फूट लांब. त्यातल्या तुकड्यावर, तोही हलता, जेट विमान उतरवायचं आणि आडव्या ताणलेल्या तारेत आकडा अडकवून थांबवायचं. ही विद्या आधी जमिनीवर, जहाजाच्या मापाची चौकट आखून, शेकडो वेळा घोटावी लागते.

कोचीच्या ‘गरुड’ तळाची धावपट्टी जेट विमानांना अपुरी होती. मुंबईत सांताक्रूझला प्रवासी वाहतुकीची गर्दी. नौदलाची जेट विमानं तेव्हा कोइम्बतूरजवळ सुलूरला वायुदलाच्या तळावर पाहुणी म्हणून राहत होती. ५ सप्टेंबर १९६१ ला तिथेच ‘आयएनएस हंस’ हा तळ नोंदला गेला. समुद्राचं विमान आणि डोंगराआडचं कोइम्बतूर! दाबोळी मुंबई आणि कोचीच्या मधोमध, सड्याच्या टोकाशी समुद्र, शेजारी बंदर. नौदलाने ते सोडलं असतं तरच आश्चर्य. धावपट्टी दुरुस्त झाली आणि १९६४ मध्ये हंस कोइम्बतूरहून गोव्याला आलं.

या बाबतीत दाबोळी एकटं नाही. देशात बेवारस धावपट्ट्यांना सैन्याने वारस म्हणून लावून घेतल्याची उदाहरणं बरीच आहेत. दमणची पोर्तुगीज धावपट्टी अशीच पडून होती, १९८७ मध्ये तिथे तटरक्षक दलाचा तळ झाला. चेन्नईजवळ अरक्कोणमला दुसऱ्या महायुद्धातली ओस पडलेली धावपट्टी होती, तिचं १९९२ मध्ये ‘आयएनएस राजाली’ झालं आणि तोवर दाबोळीत राहिलेली अवाढव्य टीयू-१४२ विमानं तिकडे गेली. फरक एवढाच की अरक्कोणमला चेन्नईचे प्रवासी उतरायचे नव्हते. गोव्याला दुसरा विमानतळच नव्हता.

पहिली वीस वर्षं याचं कोणाला काही वाटलं नाही. साठच्या दशकातच इंडियन एअरलाइन्सची विमानं येऊ लागली, नौदलाने कोपऱ्यातला चौदा-पंधरा एकरांचा तुकडा प्रवाशांना दिला. गोव्याला जाणारा मराठी माणूस तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचा, नाहीतर एसटीने कंबर मोडून घ्यायचा. विमान हे मंत्र्यांचं आणि खाणमालकांचं वाहन होतं.

१९८३ ने हे बदललं. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीतल्या परिषदेच्या मधल्या सुट्टीत गोव्याला विसाव्यासाठी आले. मार्गारेट थॅचर यांच्यासह सगळे दाबोळीला उतरले. त्यांच्यासाठी रस्ते झाले, हॉटेलं सजली, आणि आग्वादच्या किनाऱ्याचे फोटो जगभर गेले. दशक संपण्याआधी युरोपातून थेट चार्टर विमानं यायला लागली. इकडे, पाहुण्यांची पाठ फिरून तीन आठवडे होतात न होतात तोच, १६ डिसेंबर १९८३ ला पहिली तीन सी हॅरियर विमानं ब्रिटनहून टप्प्याटप्प्याने उडत दाबोळीला उतरली. त्यांचं नेतृत्व करणारे कमांडर अरुण प्रकाश पुढे नौदलप्रमुख झाले. जागच्या जागी उतरू शकणाऱ्या या विमानाने विक्रांतचं आयुष्य वाढवलं. एकाच वर्षाच्या शेवटच्या दीड महिन्यात दाबोळीचे दोन्ही दावेदार मोठे झाले आणि धावपट्टी मात्र एकच राहिली.

मग सुरू झाला वेळेचा झगडा. कामकाजाच्या दिवशी सकाळचे तास नौदलाच्या सरावासाठी राखीव. त्या वेळात प्रवासी विमान उतरणार नाही, उडणार नाही. त्यामुळे दुपारी एकदम गर्दी, रात्री-अपरात्री चार्टर. प्रवाशांची संख्या वाढत वाढत करोनाच्या आधी वर्षाला ८० लाखांपलीकडे गेली. तेवढ्या लोकांनी आठवड्यातून पाच दिवस सकाळ सोडून यावं अशी ही व्यवस्था. लढाऊ विमान घसरलं की सगळ्यांचाच खोळंबा. जानेवारी २०१८ मध्ये एक मिग-२९के धावपट्टी सोडून गेलं आणि पेटलं, वैमानिक वाचला; पुढच्या वर्षी जूनमध्ये आणखी एका मिगची इंधनाची टाकी उडतानाच धावपट्टीवर पडली आणि विमानतळ काही तास बंद राहिला. पर्यटन व्यवसायातले लोक असे प्रसंग बोटांवर मोजून ठेवतात. नौदलातले लोक दुसरी मोजणी ठेवतात. त्यात १ ऑक्टोबर २००२ हा दिवस असतो. आयएल-३८ विमानांच्या तुकडीला पंचवीस वर्षं झाल्याचा समारंभ, आणि संचलनातली दोन विमानं दाबोळीच्या आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले सगळे, १२ नौसैनिक गेले. खाली जमिनीवरही माणसं मेली.

जमिनीची गोष्ट निराळी आणि जास्त जिव्हारी लागणारी. पोर्तुगिजांचे २४९ एकर होते. नौदलाच्या ताब्यातला सगळा परिसर सुमारे १,७०० एकरांवर गेला असं सहसा सांगितलं जातं. दाबोळी, चिखली, सांकवाळ, बोगमाळो या भागात मजला चढवायचा तर नौदलाचा ना-हरकत दाखला लागतो. गावकऱ्याला वाटतं, माझ्या आज्याच्या जमिनीवर मी किती उंच जायचं हे दुसरा ठरवतो. नौदलाला वाटतं, विमान उतरायच्या वाटेत सात मजली इमारत उभी राहिली तर उद्या आम्हीच दोषी. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि मधल्या मध्ये बिल्डर दोघांच्या नावाने ओरडून आपलं काम उरकतो.

हंसवर या साठ वर्षांत काय घडलं ते गोव्याला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. तिथे किनाऱ्यावरच विमानवाहू जहाजाच्या डेकची प्रतिकृती उभारली आहे: विमानाला वर फेकणारा उताराचा टप्पा आणि उतरताना अडवणाऱ्या तारा. २० डिसेंबर २०१४ ला देशी बनावटीच्या नौदल तेजसने त्या उतारावरून पहिली झेप घेतली तेव्हा वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर. १३ सप्टेंबर २०१९ ला तेजस तिथेच तारेत अडकून थांबलं, आणि पुढच्या जानेवारीत मावळणकरांनी ते विक्रमादित्य जहाजावर भर समुद्रात उतरवलं. २०२२ मध्ये फ्रान्सचं राफाल-एम आणि अमेरिकेचं सुपर हॉर्नेट, दोघांचीही परीक्षा याच उतारावर झाली. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफाल-एमचा करार झाला. दाबोळीच्या सड्यावर घोकंपट्टी झाली नसती तर विक्रांत नावाचं नवं जहाजही नुसती तरंगती इमारत राहिलं असतं. म्हणूनच ‘नौदलाने गाशा गुंडाळून कारवारला जावं’ ही गोव्यातली जुनी मागणी मला पटत नाही. कारवारला जहाजांचा प्रचंड तळ आहे हे खरं, पण धावपट्टी आणि तिच्याभोवती साठ वर्षांत जमलेली कार्यशाळा, सिम्युलेटर, माणसं हे सगळं ट्रकमध्ये भरून नेता येत नाही.

प्रवाशांना दुसरीकडे न्यायचं, हाही उपाय गोव्यात अनेक वर्षं घोळला. पेडण्यातल्या मोपाच्या पठारावर नवा विमानतळ बांधायला केंद्राने २००० मध्ये मान्यता दिली तेव्हा अट होती की तो सुरू झाला की दाबोळीची प्रवासी वाहतूक बंद होईल. दक्षिण गोव्यात हलकल्लोळ झाला. सासष्टीतली हॉटेलं, वास्कोचे टॅक्सीवाले, मालवाहतूकदार, सगळ्यांचं पोट दाबोळीवर. २०१० मध्ये केंद्राने अट मागे घेतली आणि दोन्ही विमानतळ चालतील असं ठरलं. मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, मनोहर पर्रीकरांचं नाव त्याला मिळालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. सिंधुदुर्गातल्या बांदा-सावंतवाडीच्या लोकांना तो घरच्यासारखा जवळचा झाला. सिंधुदुर्गातल्याच चिपीच्या विमानतळाच्या पोटात मात्र गोळा आला.

आणि दाबोळी? कागदावर बंद झालेलं नाही. पण मोपाला सकाळची बंदी नाही, धावपट्टीचा वाटेकरी नाही, रात्री कोणाला विचारावं लागत नाही. कतार एअरवेजसारख्या कंपन्या आपली विमानं तिकडे घेऊन गेल्या. वास्कोच्या टॅक्सी थांब्यावर उभं राहिलं की ऐकू येतं ते हेच, की सरकार विमानतळ बंद करणार नाही, आपोआप बंद पडू देईल. राज्यातले मंत्री दाबोळी चालूच राहणार असं वारंवार सांगतात. वारंवार सांगावं लागतं यातच सगळं आलं.

बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ मध्ये सुरू झालं. बाहेरच्या मैदानात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर यांच्यात सगळ्यात मोठं धूड उभं आहे ते सुपर कॉन्स्टेलेशनचं. एअर इंडियाकडून वायुदलाकडे आणि तिथून १९७६ मध्ये समुद्रावरच्या टेहळणीसाठी नौदलाकडे आलेलं. १८ डिसेंबरच्या रात्री खड्ड्यांवरून उडालेलं विमानही याच जातीचं होतं. त्याच्या तीन शेपट्यांच्या सावलीत शाळेच्या सहली डबा खातात. मुलांना गोवा दाखवायला नेणाऱ्यांनी इथे तास-दीड तास घालवावा. चर्च आणि किनारे कुठे पळून जात नाहीत.

माझं मत सांगून टाकतो. सैन्याने दाबोळी घेतलं यात गैर काही नव्हतं. गैर होतं ते न विचारता आणि मुदत न घालता घेणं. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेली प्रत्येक गोष्ट तिथे कायमची झाली: नौदलाचा ताबा, प्रवाशांचा कोपरा, सकाळची बंदी, ना-हरकत दाखले. आता मोपामुळे पहिल्यांदाच घाई नसलेली वेळ आली आहे. किती तास नौदलाचे, किती प्रवाशांचे, इमारतींची उंची किती, न वापरलेली जमीन परत करायची की नाही, हे सगळं केंद्र, राज्य आणि नौदल यांनी लेखी, मुदतीच्या करारात बांधावं आणि तो करार गोव्याच्या विधानसभेपुढे ठेवावा. १९६२ मध्ये ती विधानसभा नव्हती. आता आहे, आणि दाबोळी, वास्को, मुरगाव, कुठ्ठाळी या भागातून चार आमदार तिथे बसतात.